सात घरं, एक खडीचा रस्ता आणि एक बुजलेली मोरी

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. घरांना नावांऐवजी क्रमांक दिले आहेत. रकमा दिलेल्या नाहीत, फक्त हिश्शांचे टक्के दिले आहेत, कारण भांडण रकमेपेक्षा हिश्शावरूनच जास्त होतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो: मी यातला तटस्थ माणूस नाही. चौथं घर माझं आहे.

पार्श्वभूमी

मुख्य डांबरी रस्त्यावरून आत वळलं की आमचा रस्ता सुरू होतो. तो ६४० मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद असून सगळा खडीचा आहे. सार्वजनिक नाही, त्यामुळे त्याची डागडुजी कुठल्याही सरकारी खात्याच्या यादीत येत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलका चढ आहे. डाव्या हाताला टेकडी, तिच्या पायथ्याशी पाण्याची चर, उजव्या हाताला सखल जमीन. घरं ६०, १५०, २४०, ३३०, ४५०, ५६० आणि ६४० मीटरवर. चरीतलं पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारी एकच मोरी, १२० मीटरवर: ३०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप.

पहिल्या घरचे काका सगळ्यांत जुने. त्यांचा प्लॉट मोठा, मोरीच्या थोडा पुढपर्यंत जातो. पाचव्या घरातल्या भाऊंचा बांधकाम साहित्य वाहण्याचा धंदा, त्यांचा टिपर रोज रात्री घरी मुक्कामाला. सहावं घर शनिवार-रविवारी उघडणारं. सातव्या घरच्या ताई निवृत्त, एकट्या राहतात, छोटी गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर काढतात.

जमिनी विकल्या गेल्या तेव्हा प्रत्येक खरेदीखतात रस्त्यावरून जायच्या वहिवाटीचा हक्क लिहिला होता. दुरुस्ती कोणी आणि कशी करायची याबद्दल एक ओळही नव्हती. खासगी रस्त्यांच्या बहुतेक कटकटींचं मूळ इथेच असतं, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. सुरुवातीची काही वर्षं रस्ता नवा होता आणि शेजारीही एकमेकांना नवे होते, त्यामुळे विषय निघालाच नाही.

अडचण कुठे सुरू झाली

खड्डे पडायला लागले ते पहिल्या १८० मीटरमध्ये. वरचा भाग बऱ्यापैकी शाबूत होता. हा फरक डोळ्यांसमोर असूनही त्याचा अर्थ कोणी लावला नाही. आधी ताईच स्वतःच्या खर्चाने खडी आणून खड्डे बुजवून घ्यायच्या. चार-पाच वर्षं हे चाललं. त्या तारीखवार एका वहीत लिहून ठेवत होत्या, हे आम्हाला नंतर समजलं.

मग एका वर्षी मोठी बैठक झाली आणि समान वर्गणी ठरली: सात घरं, सात सारखे हिस्से, प्रत्येकी १४.३ टक्के. काकांनी त्याच बैठकीत सांगितलं, "मी साठ मीटर वापरतो. सहाशे चाळीस मीटरचे पैसे का देऊ?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ज्या सुरात ते म्हणाले त्याने सगळे चिडले. उरलेल्या सहा जणांनी त्यांचाही हिस्सा आपसांत वाटून घेतला आणि पाच गाड्या खडी मागवली.

खडी निवडताना आम्ही घोडचूक केली. नदीपात्रातली धुतलेली, गोल, गुळगुळीत खडी स्वच्छ आणि छान दिसते म्हणून तीच घेतली. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत. चाकाखाली ते बेअरिंगच्या गोळ्यांसारखे सरकतात. वरच्या थराला क्रशरची कोनदार खडी लागते, आणि तिच्यात कच आणि थोडी चिकट बारीक मातीही लागते, म्हणजे ओल लागली की थर बांधला जातो. आमच्या धुतलेल्या खडीत बारीक माल नावालाही नव्हता. खड्ड्यांत ती नुसती ओतली, वरून रोलरही फिरवला नाही. पहिल्या दोन मोठ्या पावसांत निम्मी खडी वाहून चरीत गेली आणि मुळात अर्धवट बुजलेली चर आणखी भरली.

दुसऱ्या वर्षी वर्गणी मागितली तेव्हा काकांबरोबर दुसऱ्या आणि सहाव्या घरानेही हात आखडता घेतला. सहाव्या घरातले म्हणाले, "आम्ही महिन्यातून चार दिवस येतो, आणि मागचे पैसे तर पाण्यात गेले." शब्दशः खरं होतं. मग ज्याने त्याने आपापलं गणित मांडायला सुरुवात केली. टिपरवाल्या भाऊंकडे बोटं वळली. तिसऱ्या घरातल्या मुलाच्या वेगावरून वाद झाला. त्या वर्षी रस्त्यावर काहीच काम झालं नाही, आणि दोन घरांमधलं बोलणंसुद्धा बंद झालं.

तोलून पाहिलेले पर्याय

तिसऱ्या वर्षी मध्यस्थी माझ्याकडे आली. त्यात माझं कौतुक काही नव्हतं. कुठल्याही पद्धतीने वाटणी केली तरी माझा हिस्सा १० ते १४ टक्क्यांच्या आसपासच राहत होता, म्हणून माझ्यावर संशय घ्यायला कुणाला जागा नव्हती. मधल्या घराचा एवढाच फायदा.

डांबरीकरणाची सूचना आली. ती लवकर बाजूला पडली: खालचा थर ओला आणि खिळखिळा असताना वर डांबर टाकलं तर तेही उखडतं, आणि उखडलेलं डांबर खडीपेक्षा दुरुस्तीला महाग. रस्ता सरकारजमा करण्याचाही विचार झाला, पण ताब्यात घेण्याआधी रुंदी आणि निचरा ठरावीक दर्जाचा मागितला जातो. म्हणजे जे काम जमत नव्हतं तेच आधी करून द्यायचं.

उरला वाटणीचा प्रश्न. समान हिस्सा समजायला सोपा, पण ६० मीटरवाल्याला आणि ६४० मीटरवाल्याला एकाच मापाने मोजणारा. अंतराच्या प्रमाणात वाटलं तर काकांचे अडीच टक्के आणि ताईंचे सव्वीस. वापराप्रमाणे वाटायचं तर फेऱ्या मोजायच्या कोणी? कॅमेरा लावायची कल्पना निघाली आणि सुदैवाने तिथेच मेली.

तिसऱ्या घरातल्या वहिनी हिशेब तपासनीस आहेत. त्यांनी टप्प्यांची पद्धत मांडली. रस्त्याचे घराघरांप्रमाणे सात टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च तो टप्पा ओलांडणाऱ्यांत सारखा वाटायचा. पहिले ६० मीटर सातही घरं वापरतात, म्हणून सात हिस्से. पुढचे ९० मीटर सहा घरं. असं करत शेवटचे ८० मीटर एकट्या ताईंचे. गणितात ही युक्ती जुनी आहे. गणितज्ञ लॉइड शेप्ली यांनी १९५३ मध्ये एकत्रित खर्च-फायद्याच्या वाटणीचं सूत्र दिलं (त्यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं), आणि १९७३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीला ते लावून दाखवलं गेलं. छोट्या विमानाला धावपट्टीचा थोडाच भाग लागतो, मोठ्याला सगळी, मग कोणी किती भरायचं? उत्तर हेच: प्रत्येक तुकडा, तो वापरणाऱ्यांत समान.

कागदावर ते देखणं होतं. प्रत्यक्ष आकडे आले तेव्हा ताई गप्प झाल्या. दर मीटरला सारखा खर्च धरला तर काकांचा हिस्सा १.३ टक्के, माझा १०, आणि ताईंचा ३७.४. एवढी वर्षं ज्यांनी खड्डे बुजवले त्यांच्यावरच सगळ्यांत मोठं ओझं. बैठक तिथेच मोडली. मी घरी येऊन बायकोला म्हटलं की यातून आता अंग काढून घेतो.

कलाटणी: पावसात चाललेला रस्ता

अंग काढून घेता आलं नाही, कारण दोन दिवसांनी धो धो पाऊस सुरू असताना ताईंचा फोन आला. "दादा, छत्री घेऊन खाली या. पाणी कुठून येतंय ते मी पाहिलंय."

आम्ही दोघं शेवटापासून सुरुवातीपर्यंत चाललो. वरचे चारशे-पाचशे मीटर पाणी गुमान चरीतून वाहत होतं. मोरीपाशी आल्यावर चर तुडुंब भरलेली, पाइपाच्या तोंडाशी पाणी संथ गोल फिरतंय, आणि मग ते काठ ओलांडून सरळ रस्त्यावर. तिथून उतारावरचे सगळे १२० मीटर रस्ता स्वतःच ओढा झालेला. वरच्या अंगालाही साठलेल्या पाण्याने पुढचा पन्नास-साठ मीटरचा भाग भिजून पोचट झाला होता. म्हणजे आमचे खड्ड्यांचे १८० मीटर.

पलीकडे गेलो तर पाइपाचं दुसरं तोंड सापडेना. काकांच्या कुंपणाच्या आत, मेंदीच्या झुडपांखाली ते मातीने बुजलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांकडे मी एकटाच गेलो. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. सगळे मिळून गेलो असतो तर ते चौकशी समितीसारखं दिसलं असतं. काकांनी काही लपवलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मोरीचं पाणी त्यांच्या अंगणातून घळ पाडत चाललं होतं, एकदा तर विहिरीच्या कठड्यापर्यंत आलं. त्यांनी दोन घरांना सांगून पाहिलं, कोणी लक्ष दिलं नाही, म्हणून भर घालून झुडपं लावली. "माझ्या अंगणाचं काय झालं हे विचारायला नऊ वर्षांत तुम्ही पहिले आलात," ते म्हणाले.

पैशाच्या वाटणीत ज्यांचा हिस्सा सगळ्यांत लहान होता, त्यांच्या जमिनीत सगळ्या रस्त्याची किल्ली पुरलेली होती. आणि आम्ही दोन वर्षं त्यांच्याशी टक्क्यांवरून भांडत होतो.

ठरलेलं आणि केलेलं

पुढच्या बैठकीत आधी कामाची यादी केली आणि मगच पैशाकडे आलो. क्रम उलटा केल्याबरोबर आकडेही बदलले. खर्च दर मीटरला सारखा नव्हताच. एकूण काम १०० धरलं तर पहिल्या ६० मीटरवर २५ आणि पुढच्या ९० मीटरवर, जिथे मोरी होती, ३५ लागत होते. सगळ्यात वरच्या ८० मीटरला फक्त ४. पहिल्या दोन टप्प्यांचा बोजा सात आणि सहा घरांत विभागला जात असल्याने टप्प्यांच्या त्याच पद्धतीने ताईंचा हिस्सा ३७.४ वरून २४.३ वर आला. माझा १३.८, काकांचा ३.६. पद्धत बदलली नाही, फक्त रस्ता नीट मोजला.

काकांनी पाण्याचा मार्ग लेखी द्यायचा आणि बदल्यात त्यांच्या अंगणातून पाणी उघड्यावर न सोडता पाइपानेच शेवटच्या उतारापर्यंत न्यायचं, तोंडाशी दगडांचं पिचिंग करायचं, म्हणजे माती वाहू नये म्हणून दगड बसवायचे, हा सौदा ठरला. या वाढीव कामाचे पैसे वरच्या सहा घरांनी दिले. पाणी आमचंच होतं.

भाऊंच्या टिपरचा प्रश्न जास्त नाजूक होता. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की आसावरचा (चाकांच्या अ‍ॅक्सलवरचा) भार दहापट झाला तर रस्त्याची झीज सुमारे दहाच्या चौथ्या घाताने, म्हणजे दहा हजारपट वाढते. कोणीतरी हा आकडा बैठकीत फेकला आणि भाऊ उठून जायला निघाले. ती चाचणी डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरची. खडीच्या रस्त्यावर पाणी आणि वेगही तेवढाच घात करतात. तेव्हा त्या आकड्याने बिल फाडणं अन्यायाचंच झालं असतं. भाऊंनीच मग सांगितलं: त्यांच्या १६.८ टक्क्यांऐवजी सगळी खडी ते स्वतःच्या गाडीने वाहून देतील, आणि मोठ्या पावसानंतर दोन दिवस भरलेला टिपर आत आणणार नाहीत. हिशेब केला तर वाहतुकीची किंमत त्यांच्या हिश्शापेक्षा थोडी जास्तच भरत होती. त्यांनी फरक मागितला नाही.

प्रत्यक्ष काम पाण्यापासून सुरू झालं. आधी मोरीचं तोंड मोकळं केलं, ३०० चा पाइप काढून ४५० मिलिमीटरचा टाकला, चर वरपासून साफ केली. मग खालच्या २४० मीटरची पाठ खड्ड्यांच्या तळापर्यंत उकरली. हे महत्त्वाचं आहे. खड्डा नुसता भरला तर त्याच्या कडा कडक राहतात आणि भरलेला माल पुन्हा उसळून बाहेर येतो. खड्ड्याच्या खोलीपर्यंत सगळं सैल करून पुन्हा आकार दिला तरच तो जातो. मध्ये उंचवटा, दोन्हीकडे ४ टक्के उतार, म्हणजे पावणेदोन मीटरच्या अर्ध्या रुंदीत ७ सेंटिमीटर. दोरी आणि पाणसळ घेऊन वहिनींनी दर वीस मीटरला तो तपासला. त्यावर २० मिलिमीटरच्या आतली कोनदार खडी, कच आणि बारीक मातीसह, दबून ८ सेंटिमीटर जाडीची: सुमारे ६७ घनमीटर दबलेला माल, म्हणून सैल मागवताना ८४. वरच्या ४०० मीटरला नवी खडी घातलीच नाही, फक्त आकार दिला.

दोन गोष्टी बिघडल्या. पाण्याचा टँकर आला नाही आणि ठेकेदाराने रोलर कोरडाच फिरवला. कोरडी खडी दबत नाही, आठवड्यात पृष्ठभाग सुटा झाला. एका हलक्या पावसानंतर ओल असताना दबाई पुन्हा करून घ्यावी लागली. दुसरं म्हणजे, ग्रेडरने, म्हणजे रस्त्याला आकार देणाऱ्या यंत्राने, दोन्ही कडांना सुट्या मालाची बोटभर उंच वरंबी सोडली होती. दिसायला नीटनेटकी, पण पाणी चरीत न जाता तिच्या आतल्या बाजूने रस्त्यावरूनच वाहायचं. ती ताईंच्या लक्षात आली. एका सकाळी पाच घरांतली माणसं फावडी घेऊन उतरली आणि ती वरंबी फोडली. काका चहाऐवजी सल्ले देत होते, पण उभे होते.

वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर ठरली. कोरड्या, सुट्या पृष्ठभागावर पन्हाळी पत्र्यासारख्या ज्या लाटा उठतात त्या मुख्यतः वेगामुळे. ठरावीक वेगाच्या खाली त्या तयार होत नाहीत, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तिसऱ्या घरातल्या मुलाला हे आईने समजावलं, आम्ही कोणी बोललो नाही.

करार दीड पानांचा झाला. वर्षातून दोनदा, जमीन ओली असताना, आकार देऊन घ्यायचा. त्याला साधं बहुमत पुरे. नवी खडी किंवा मोरीसारखं मोठं काम असेल तर सातपैकी पाच मतं. दरवर्षी थोडी रक्कम राखीव, कारण खडी धुळीने आणि पाण्याने उडतच असते, काही वर्षांनी थर पुन्हा घालावा लागणारच. घर बांधताना कोणाच्या ट्रकने नुकसान झालं तर ते त्या घराने भरायचं.

निष्पत्ती

त्यानंतर दोन पावसाळे गेले. मोरीवरून पाणी एकदाही रस्त्यावर आलं नाही. खालच्या भागात नवे खड्डे नाहीत, फक्त मुख्य रस्त्याला मिळतो तिथे, ब्रेक लावण्याच्या जागी, थोड्या लाटा उठतात. मोठा पाऊस लागला की काका स्वतः दंताळं घेऊन पाइपाच्या तोंडातला पाला काढतात. ते करारात नाही. सहावं घर अजूनही वर्गणी दोन महिने उशिरा देतं. त्याचा आता कोणी मुद्दा करत नाही.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या बैठकीआधी पावसात एकदा रस्ता चाललो असतो तर दोन वर्षं आणि पाच गाड्या खडी वाचली असती. खड्डे एकाच भागात का, हा प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नव्हता.

ताईंच्या वहीचं काय करायचं, यावर बैठकीत मत घेतलं होतं. मागचं उकरायचं नाही, असं बहुमताने ठरलं आणि मीही तसंच मत दिलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. मागचे हिशेब काढले तर काकांच्या अंगणाची नऊ वर्षंही निघाली असती. पण ताईंनी टाकलेली खडी प्रत्येकाने वापरली होती. निदान राखीव निधीतला त्यांचा दोन-तीन वर्षांचा हप्ता माफ करता आला असता. त्या काही बोलल्या नाहीत, वही परत घेऊन गेल्या. हे चुकलं.

तिसरी चूक अजून मिटलेली नाही. काकांच्या जमिनीतून पाइप नेण्याचा हक्क आम्ही वकिलाकडून नोंदवून घेतला, पण खर्चाचा करार साध्या कागदावर सह्या करून ठेवला, नोंदणीचा खर्च वाचवायला. गेल्या वर्षी दुसरं घर विकलं गेलं. नवे मालक पहिल्या बैठकीला आले, शांतपणे कागद वाचला आणि विचारलं, "यावर माझी सही नाही. मला हा लागू कसा?" त्यांना हिशेबाची वही दाखवली, मोरी दाखवली, आणि त्यांनी त्या वर्षाचे ९.४ टक्के भरले. पुढच्या वर्षाचं बोलू, असं म्हणाले. वकिलांकडची तारीख आता घेतली आहे. सात सह्यांपैकी पाच झाल्या आहेत.